बाबांच्या बदल्यांच्या गावी

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. नोकरीच्या सुरुवातीच्या अकरा-बारा वर्षांत त्यांनी तीन गावं केली: वाई, कोल्हापूर आणि सावंतवाडी. मग पुणं आलं आणि बिऱ्हाड तिथेच थांबलं. बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मी आईला विचारलं, कुठे यात्रेला वगैरे जायचंय का? ती म्हणाली, "देव इथेही आहेत. मला वाईच्या काकू, कोल्हापूरच्या आक्का आणि सावंतवाडीची माई, या तिघींना भेटायचंय. फोनवर नुसतं 'बरंय ना', 'बरंय' होतं आणि संपतं."

जानेवारीच्या शेवटी मी आठ दिवसांची रजा टाकली. गाडी चालवणारी मी, शेजारी आई, मागच्या सीटवर बाकरवडीचे सहा पुडे, आईची औषधं आणि एक जड कापडी पिशवी. त्या पिशवीत काय आहे ते आईने वाईपर्यंत सांगितलं नाही. एकंदर साडेआठशे किलोमीटर झाले. हे अंतर दोन दिवसांतही तोडता येतं, पण आम्हाला अंतर तोडायचं नव्हतं.

पहिला दिवस, २९ जानेवारी: पुणे ते वाई

साडेसहाला निघालो. धुकं इतकं दाट की शिरवळपर्यंत दिवे लावूनच गाडी चालवली. साताऱ्याकडे जाताना आम्हाला खंबाटकी घाट चढावा लागला, बोगदा फक्त येताना मिळाला. तो घाट चढून उतरलं की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. वाईच्या त्या रस्त्यावर पूर्वी वडांची अखंड कमान होती, असं आई सांगत होती. आता झाडं विरळ झाली आहेत, तरी उरलेल्या वडांच्या पारंब्या बघायला गाडी हळू करावीशी वाटतेच.

लग्नानंतरचं आईचं पहिलं बिऱ्हाड गंगापुरीतलं, १९७४ सालचं. वाड्याची पुढची बाजू पाडून तिथे आता दोन मजली घर झालंय, पण मागची पडवी आणि आड तसाच आहे. काकू शहाऐंशीच्या. खुर्चीत बसून ओली हळद किसत होत्या. दहाही बोटं पिवळीधमक. आईला बघितल्यावर त्या उठायला लागल्या, तर आईने आधी त्यांच्या मांडीवर ती कापडी पिशवी ठेवली.

पिशवीतून निघालं पितळेचं पुरणयंत्र. १९७७च्या होळीला आईने ते काकूंकडून मागून आणलं होतं. चारच दिवसांत बदलीची ऑर्डर आली, सामान ट्रकमध्ये चढलं, आणि कोल्हापुरात खोके उघडल्यावर पुरणयंत्र आमच्या भांड्यांत सापडलं. पुढची सगळी वर्षं आईने ते वापरलं नाही. आमच्या घरी पुरण पाट्यावर वाटलं जायचं, नंतर मिक्सरवर. त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

काकूंना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. "अगं, मी तर दुसरं केव्हाच आणलं असेन," म्हणाल्या. पण यंत्राच्या कडेवर कोरलेलं सासऱ्यांचं नाव त्यांनी बोटाने चाचपून वाचलं आणि सुनेला हाक मारली, "डाळ शिजायला टाक गं. आज पुरण यातच वाटायचं." होळीला अजून महिना होता.

जेवणं होईपर्यंत दोन वाजले. पुरणपोळी, कटाची आमटी, आणि काकूंनी आदल्या दिवशीच घातलेलं ओल्या हळदीचं लोणचं. ओली हळद आणि आंबेहळद किसून त्यात आलं, मोहरीची पूड, मीठ आणि भरपूर लिंबू, बस. जिभेला आधी आंबट लागतं, मग मागून हळदीचा मातकट कडवटपणा येतो. वाईच्या शिवारात या दिवसांत हळद काढणीला आलेली असते. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत गेलात, तर मंडईतून अर्धा किलो ओली हळद नक्की आणा.

संध्याकाळी आम्ही मेणवलीला गेलो, वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर छोट्या घुमटीत टांगलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. आई म्हणाली, बाबा पसरणी घाटाच्या कामावरून परतताना रविवारी इथे पोहायचे आणि ती याच पायऱ्यांवर त्यांचा टॉवेल धरून बसायची. मग ती पुन्हा तशीच बसली. अंधार पडेपर्यंत मी काही बोलले नाही.

एक सांगते, ज्यांना वडीलधाऱ्यांना घेऊन असा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी. मुक्काम कुणाच्या घरी करायचा आणि कुठे नुसतं भेटून लॉजवर जायचं, हे निघण्यापूर्वीच ठरवा. जुन्या घरांत कमोड नसतो आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाची पंचाईत होते. मी फोन करून स्पष्ट विचारलं होतं. कुणालाही वाईट वाटलं नाही, उलट काकूंच्या मुलाने बाजारातून कमोडची खुर्ची आणून ठेवली होती.

दुसरा दिवस, ३० जानेवारी: वाई, कऱ्हाड, कोल्हापूर

साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला दहा मिनिटं थांबलो आणि पुढे निघालो. सातारा ते कोल्हापूर रस्त्यावर सहापदरीकरणाची कामं चालली आहेत, त्यामुळे वळणरस्ते पुष्कळ. वेळ हाताशी ठेवा.

कऱ्हाडला बाबांचे जुने मुकादम राहायचे. पसरणी घाटात खडीच्या गाड्या मोजून घेणारे, बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे आणि बाबांना काम शिकवणारे. खात्यात ओव्हरसियर नवा असला की मुकादमच त्याचा खरा मास्तर. रस्त्याला पाणी कुठून फुटेल, कुठल्या वळणाला कठडा आधी ढासळेल, ते पुस्तकात नसतं. बाबा हे नेहमी सांगायचे.

त्यांचा फोन दोन महिने लागत नव्हता. नंबर बदलला असेल असं आम्ही धरून चाललो. घर विचारत विचारत गल्लीत पोचलो. दार सुनेने उघडलं आणि तिच्या मागे भिंतीवर हार घातलेला फोटो दिसला. आठ महिने झाले होते. आई उंबऱ्याबाहेरच थांबली. सुनेने तिचा हात धरून आत नेलं, चहा टाकला, आणि स्वतःहून सांगत राहिली: शेवटपर्यंत चालत होते, रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर जायचे, रस्त्यात खड्डा दिसला की काठीने खोली मोजून घरी येऊन सांगायचे.

निघताना आईने बाकरवडीचा पुडा फोटोपुढे ठेवला.

मग आम्हीही प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना इथे अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि दोघी मिळून काटकोनात वळतात. असा संगम मी दुसरा पाहिलेला नाही. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे, मुलं खेळत होती. आई एका बाकावर बसून म्हणाली, "गेल्या वर्षी मी म्हटलं होतं, उन्हाळा संपू दे, मग जाऊ." एवढंच. कोल्हापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत गाडी कशीबशी लावली. आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. मी जन्मले त्यांच्याच घरात, पाच वर्षांची होईपर्यंत वाढले त्यांच्याच कडेवर. दारात उभ्या होत्या. "आगं ये की आत! दारातच किती वेळ उभी ऱ्हातीस?"

आणि आई म्हणाली, "येतो की आक्का, चप्पल तर काढू द्या."

मी आईकडे बघतच राहिले. कोल्हापुराकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'येतो', 'जातो', 'करतो' म्हणतात, हे मला माहीत होतं. पण माझ्या आईच्या तोंडून ते मी कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं. पुण्यात ती 'येते' म्हणते, चाळीस वर्षं 'येते' म्हणत आलीय. आक्कांच्या उंबऱ्यावर मात्र तिला शोधावंही लागलं नाही, जिभेवर ठेवल्यासारखं आलं. नंतरचे दोन दिवस ती 'मी जेवलो', 'मी झोपतो जरा', 'मी काय म्हणतो आक्का' असंच बोलत होती. कऱ्हाडनंतर मिटलेला तिचा चेहरा त्या बोलण्यात हळूहळू उघडत गेला.

तिसरा दिवस, ३१ जानेवारी: कोल्हापूर

आक्कांचा मुलगा साठीचा, निवृत्त शिक्षक. पेठेत कुणाकडे मोठा बेत असला की पांढरा रस्सा करायला त्यालाच बोलावतात. मी सकाळपासून त्याच्या मागे उभी होते. मटण आलं, लसूण आणि मीठ लावून शिजवायचं आणि त्याचं पाणी, म्हणजे अळणी, बाजूला काढायचं. तीळ, खसखस आणि काजू भिजवून गंधासारखं मऊ वाटायचं. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडा आणि मिरं टाकून त्यावर वाटण परतायचं, रंग बदलू द्यायचा नाही. मग अळणी, आणि शेवटी नारळाचं घट्ट दूध. "दूध पडलं की गॅस बारीक आणि हात चालू. उकळी फुटली की रस्सा फाटला," तो म्हणाला आणि वीस मिनिटं पळी फिरवत राहिला. तांबडा रस्सा सगळ्यांना चढतो, म्हणून लोक त्याचं कौतुक करतात. मला विचाराल तर घराची परीक्षा पांढऱ्या रश्श्यात होते. आक्कांनी वाटीमागून वाटी पुढे सारली. चौथ्या वाटीला मी हात आडवा धरला, तर म्हणाल्या, "तू काय सांगतीस, पाळण्यात असताना अळणीचं बोट तुला मीच चाटवलंय."

त्या दिवशी अंबाबाईचा किरणोत्सव होता. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात आणि थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागावर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, असा परंपरेचा क्रम. दगडी मंदिर बांधणाऱ्यांनी सूर्याचा हिशेब भिंतींत घालून ठेवलाय. हवा धूसर असली किंवा वाटेत काही आडवं आलं, तर किरणं मध्येच थांबतात.

आक्कांना गर्दीत चालवत नाही, म्हणून आई त्यांच्यापाशी थांबली. "आम्ही टीव्हीवर बघतो, तू जा." मी गेले. आतले दिवे मालवले, हजारभर माणसं एकदम गप्प झाली, आणि फरशीवरून एक केशरी पट्टा सरकत सरकत पुढे गेला. मी मागे होते. मला मूर्ती दिसली नाही, पण पुढच्या माणसांचे जोडलेले हात त्या उजेडात दिसले, बोटांच्या कडा लाल झालेल्या. 'चरणस्पर्श झाला' असं कुणीतरी म्हणालं आणि एकच गजर झाला.

धावत घरी आले, तर टीव्ही बंद. दोघी सोप्यात सुपात लसूण घेऊन सोलत बसल्या होत्या. "झाला का गं?" आक्कांनी विचारलं. अडीच तासांत त्या दोघी १९७९पर्यंत पोचल्या होत्या.

रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या, समोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा. आईने पूर्ण ग्लास प्यायला. ज्यांना कच्चं दूध सोसत नाही त्यांनी अर्धाच घ्यावा.

चौथा दिवस, १ फेब्रुवारी: आजरा, आंबोली, सावंतवाडी

निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली असा रस्ता धरला. साधारण १३० किलोमीटर, पण पूर्ण दिवस ठेवा. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला. दाणा बारीक आणि आखूड, शिजताना वास दारापर्यंत येतो. याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळे दुकानात त्याच्या नावाखाली दुसरंही काही विकतात. थोडे दाणे तळहातावर चोळून वास घ्या, मगच घ्या.

१ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कामं, त्यात पुढच्या वर्षी बाबांची बदली सावंतवाडीला झाली. आंबोली घाट त्यांच्या सेक्शनमध्ये होता. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांपैकी एक आंबोली. पावसाळ्यात बाबा आठ-आठ दिवस वर असायचे. दरड पडली की रस्ता मोकळा होईपर्यंत घरी परत यायचं नाही.

धबधबा ओलांडून घाट उतरायला लागलो. फेब्रुवारीत तिथे पाण्याची नुसती ओल असते. दोन-तीन वळणं गेल्यावर आई म्हणाली, "थांब. इथेच कुठेतरी." जागा रुंद होती म्हणून थांबता आलं. घाटात वळणावर गाडी कधीच लावू नका. रस्त्याखालून जाणारी एक मोरी होती, काळ्या दगडाची. वरून कितीदा डांबर चढलंय, कठडाही नवा आहे, पण खालची कमान जुनीच. दगड एकमेकांत असे बसलेले की सांध्यात नख जाणार नाही. वाळलेलं शेवाळ करडं पडून पापुद्र्यासारखं सुटलं होतं. आईने दोन दगडांवरचं शेवाळ तळव्याने पुसून काढलं. "ही तुझ्या बाबांनी उभं राहून बांधून घेतली. पहिल्याच पावसात रस्ता खचला होता ना, त्यानंतर. तेव्हा गटार काढून झाल्यावर तिघं जण तापाने झोपले होते." मग ती वाकून कमानीतून पलीकडे बघत राहिली. पलीकडे थोडी करवंदाची जाळी आणि ऊन, एवढंच होतं.

घाटाच्या पायथ्याशी दाणोली. तिथे बाबांच्या गँगमधले एक मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या देखभालीचे मजूर, राहतात. वय नव्वदच्या घरात, ऐकू कमी येतं, नजर मात्र लख्ख. मुलाने कानाशी जाऊन कुठल्या साहेबांच्या घरची माणसं आलीत ते सांगितलं. ते उठून सदरा घालून आले आणि मगच बोलले. "सायबान कधी छत्री धरूक नाय. आमी भिजतंव, तर सायब पण भिजत." हे वाक्य त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझ्याकडे बघून सांगितलं. मला माहीत असलेले बाबा म्हणजे पुण्यात बाल्कनीत पेपर वाचणारे, पावसाचा थेंब पडला की रेनकोट शोधणारे. घाटात छत्रीशिवाय उभा राहणारा तिशीतला माणूस मला त्या ओसरीवर पहिल्यांदा भेटला.

आम्ही कोकम सरबत प्यायलो. निघताना त्यांनी कुळथाच्या पिठाची पिशवी दिली.

सावंतवाडीत मोती तलावाला वळसा घालून पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माई आमची शेजारीण, आईच्याच वयाची. दोन घरांत मिळून एक विहीर होती, तिच्यावरची मैत्री.

"इलंस गो! माका वाटला, येतंस की नाय येतंस."

"इलंय गो, इलंय," आई म्हणाली.

या वेळी मी तयार होते, तरी अंगावर काटा आला.

पाचवा दिवस, २ फेब्रुवारी: सावंतवाडी

सकाळी घावणे आणि नारळाचा रस. दुपारी माईने विचारलं, "मोरी खातास मां?" मी दचकलेच. मालवणी मुलखात मोरी म्हणजे शार्क, लहान माशाच्या तुकड्यांचं घट्ट मसाल्याचं कालवण करतात, त्याला मोरीचं मटण म्हणतात. काटा नाही, आत एक कुरकुरीत कणा फक्त. काल घाटातली मोरी, आज ताटातली. आई आणि माई दोघी या शब्दावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाबांनी इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात घरी येऊन सांगितलं होतं की 'आज तीन मोऱ्या तपासल्या', आणि माई आईला विचारायला आली होती की, मग एकही घरी का आणली नाही?

दुपारनंतर चितारआळी. लाकडी फळं, भातुकली, भोवरे, पाट. पूर्वी हे काम पांगाऱ्याच्या हलक्या लाकडावर व्हायचं. रंग लावलेलं वांगं हातात घेतलं तर देठाच्या काट्यांपर्यंत खरं वाटतं. राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर बघायला मिळाले. पत्ते गोल, दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते. कारागीर एका पत्त्यावर मत्स्याचे खवले काढत होता, ब्रशला केस मोजून दोन-तीन. हा खेळ आणि ही कला टिकली ती सावंत-भोसले घराण्यामुळे, विशेषतः सत्वशीलादेवींनी त्यासाठी आयुष्य वेचलं म्हणून. घाईत असाल तर तलावाकाठची चक्कर सोडा, पण राजवाडा सोडू नका.

विहीर आता जाळीने झाकली आहे. दोघी संध्याकाळी तिच्या कठड्यावर जाऊन बसल्या. मी चहा घेऊन गेले, तर बोलणं थांबलं, आणि मी परत वळल्यावर पुन्हा सुरू झालं. मी चहाचे कप न्यायलाही गेले नाही.

सहावा दिवस, ३ फेब्रुवारी: वेंगुर्ला

वेंगुर्ल्याला माझी बालवर्गातली मैत्रीण असते. दुसरीत शाळा सुटली, मग चाळीस वर्षं काही नाही, आणि तीन वर्षांपूर्वी माईने नंबर मिळवून दिला. ती फळ संशोधन केंद्राच्या रस्त्याला राहते. काजूच्या 'वेंगुर्ला' जाती याच केंद्राने काढल्या. तिच्या परसात काजूला पहिले बोंडू धरले होते. ओले काजूगर काढायला ती विळी घेऊन बसली, हाताला राख चोळून, कारण सालीचा चीक कातडी भाजतो. चार माणसांच्या उसळीपुरते गर काढायला पाऊण तास लागला. बाजारात ओल्या काजूगरांचा भाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा हे करून बघावं.

संध्याकाळी बंदरावर गेलो. वारा सुटला होता, आंब्याच्या मोहोराचा वास समुद्रापर्यंत येत होता. मैत्रीण म्हणाली, धुकं पडलं की मोहोर काळा पडतो, या दिवसांत सगळा तालुका सकाळी उठून आधी आभाळ बघतो. आम्हाला एकमेकींचं लहानपण फारसं आठवत नव्हतं. आठवत होती ती आमच्या आयांची भांडणं, तीही त्यांनीच सांगितलेली. पण ती शेजारी बसली होती आणि ते पुरेसं होतं.

सातवा दिवस, ४ फेब्रुवारी: फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर

परतीला कुडाळ, कणकवलीवरून फोंडा घाट चढलो. दाजीपूरचं जंगल, मग राधानगरी. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं भोगावतीवरचं ते धरण आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी वाढलं की ते आपोआप उघडतात. खात्यातल्या माणसाच्या बायकोला धरण दाखवायला नेलं की ती दगड बघते, पाणी नाही.

राधानगरीच्या पुढे पंक्चर झालं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. ती निघण्यापूर्वी बघायला हवी होती, तुम्ही बघा. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, गाणी जोरात. तो थांबला. बीडकडचं जोडपं, ऊसतोडीला आलेलं, ट्रॉलीवर बसून कारखान्याकडे निघालेलं. ड्रायव्हरने पंप काढला, स्टेपनीत हवा भरली आणि चाक बदलून दिलं. पैसे घेतले नाहीत. तेवढ्या वेळात आईने त्या बाईला गाव विचारलं, मुलं कुठे असतात ते विचारलं. मुलगी आजीपाशी गावी, सातवीत. आईने उरलेला बाकरवडीचा पुडा आणि सावंतवाडीचा लाकडी भोवरा दिला. तिने उसाची तीन कांडी दिली. या हंगामात त्या रस्त्याने अंधार पडल्यावर जाऊ नका. ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.

रात्री पुन्हा आक्कांकडे. कळवलं नव्हतं, तरी पाट मांडलेले होते. माईने फोन केला होता. माई आणि आक्का एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. बाबा गेल्यानंतर आईच्या चौकशीसाठी त्या दोघी एकमेकींना फोन करायला लागल्या, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आठवा दिवस, ५ फेब्रुवारी: पुणे

बोगद्यातून आलो, चारला घरी पोचलो. डिकीतून निघालं ते असं: हळदीचं लोणचं, कंदी पेढे, घनसाळ, कुळथाचं पीठ, कोकमाच्या आगळाची बाटली, आक्कांचा कांदा-लसूण मसाला, उसाची दोन कांडी, आणि अगदी खाली कापडी पिशवीत ते पितळी पुरणयंत्र. काकूंनी वाईतून निघतानाच सुनेकरवी गुपचूप ठेवलं होतं. सोबत वहीचा कागद: 'आता होळीला वापर.'

मी सामान लावत होते. आई पलंगावर बसून फोन करत होती.

"काकू, पोचले हं. हो, मिळालं."

मग दुसरा. "आक्का, मी पोचलो बघा. व्हय, जेवतो आता."

आणि तिसरा. "पोचलंय गो माई, पोचलंय."